शेवटचे प्रकरण

पाडव्याची दुपार असावी, पाठीशी लोड असावा, हाताशी चकल्यांचे ताट असावे, मुले अंगणात न उडालेले लवंगी फटाके हुडकण्यात गुंतलेली असावीत, आणि आपण एखाद्या लग्नघरात पडलेल्या खुनाची गोष्ट वाचत पडावे, यासारखे निर्भेळ सुख मला तरी दुसरे ठाऊक नाही. गेल्या दिवाळीत मी अशाच सुखात होतो. मधूनमधून मला हसू आवरत नव्हते. माझी नात जवळच रांगोळीचे रंग डब्यांत भरीत बसली होती. तिने विचारले, "आजोबा, एवढं काय हसताय?"

"अगं, मोठी गंमत झालीय! लग्न तोंडावर आलंय आणि आलेली एक पाहुणीच मरून पडलीय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मेली ना ती? मग त्यात हसायचं काय?"

'ती काही खरी मेलेली नाही, गोष्टीतली आहे,' असे काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली. तिचे समाधान झाले असावे, कारण ती पुन्हा रंगांकडे वळली. माझे मात्र झाले नाही. चकलीचा काटा दाताच्या फटीत अडकावा तसा तो प्रश्न माझ्या मनात अडकून बसला. खुनाच्या गोष्टीत हसावे काय? आणि हसावे, तर कोणाच्या जिवावर? वर्षभर मी या प्रश्नाला जीभ लावून पाहतो आहे. जे हाती लागले ते आज वाचकांपुढे ठेवतो.

ज्यांना या जातीच्या पुस्तकांची ओळख नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगायला हवेत. इंग्रजीत यांना 'कोझी' म्हणतात, म्हणजे ऊबदार. गोधडी ऊबदार असते, चुलीपुढची जागा ऊबदार असते, हे आपण समजू शकतो. पण खून ऊबदार कसा असेल? तर तो असा, की त्यात रक्त फारसे दिसत नाही. शोध लावणारा बहुधा पोलिसांतला नसतो. कोणीतरी लुडबुड्या शेजारी, एखादी अविवाहित आत्या, नाही तर घरातलेच एखादे माणूस असते. गाव लहान, माणसे ओळखीची, आणि शेवटी सारे जागच्या जागी बसते. आमच्या लहानपणी बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आम्ही मोठ्यांच्या नजरेआड वाचीत असू. त्यांत झुंजार होता, काळापहाड होता, अंधार होता, पिस्तूल होते. या ऊबदार कथांत पिस्तुलापेक्षा चहाची किटली अधिक वेळा पुढे येते.

आणि यांतल्या पुष्कळशा कथा घडतात लग्नघरात. मी त्या दिवशी वाचीत होतो ते पुस्तक डोना अँड्र्यूज या अमेरिकन लेखिकेचे, 'मर्डर विथ पीकॉक्स', १९९९ साली निघालेले. त्यातली नायिका मेग लँग्स्लो ही धंद्याने लोहार. बाईमाणूस लोहार, हा पहिला धक्का. एकाच उन्हाळ्यात तिच्यावर तीन लग्नांची जबाबदारी येऊन पडते: एक भावाचे, एक मैत्रिणीचे, आणि तिसरे खुद्द तिच्या आईचे! आई घटस्फोटानंतर दुसरा घरोबा करते आहे, आणि वडील त्याच गोतावळ्यात आनंदाने वावरत आहेत. हे वडील डॉक्टर. त्यांना दोन नाद, विषारी वनस्पती आणि रहस्यकथा. असा माणूस घरात असल्यावर खून पडायला उशीर कशाला लागेल? कोणाला लग्नात मोर हवेत, कोणाचा पोशाख ठरत नाही, आणि या साऱ्या धांदलीत माणसे मरू लागतात. ज्याच्या घरी एकदा तरी कार्य झाले आहे अशा वाचकाला त्यातला मोरांचा आणि पोशाखांचा भाग खुनापेक्षाही भयंकर वाटतो.

अलीकडचे दुसरे उदाहरण इंडोनेशियातल्या जेसी सुतांतो या लेखिकेच्या 'डायल ए फॉर आंटीज' या २०२१ सालच्या कादंबरीचे. तिच्यातील मुलगी लग्नांत फोटो काढणारी. तिची आई आणि तीन मावश्या मिळून लग्नाचाच धंदा करतात. एक केक करते, एक केशभूषा करते, आई फुले पाहते आणि एक गाणे म्हणते. मुलीच्या हातून एक माणूस मरतो, आणि या चौघी बायका पोलिसांना वर्दी देण्याऐवजी पदर खोचून, म्हणजे त्यांच्याकडे पदर नसतो, पण आविर्भाव तोच, प्रेताची व्यवस्था लावायला निघतात. ते प्रेत चुकून केकच्या सामानाबरोबर लग्नाच्या ठिकाणी जाऊन पोहोचते. या मावश्या आपापसांत कोण वरचढ यावरून जे टोमणे मारतात ते वाचताना मला त्या परक्या वाटल्याच नाहीत. घरोघरी मातीच्या चुली. तिकडे गॅसच्या, एवढेच.

पण लग्नघरच का? मला वाटते, याचे उत्तर सोपे आहे. एरवी लेखकाला दहा माणसे एका छपराखाली कोंडायची तर वादळ आणावे लागते, पूल पाडावा लागतो. लग्नात हे आपोआप होते. बारा महिने एकमेकांचा उंबरठा न ओलांडणारी माणसे एका मांडवात जेवतात. वाटणीच्या जुन्या जखमा, मानपानाचे रुसवे, कोणाला शालू आणि कोणाला साधे लुगडे, हे सारे उकरून निघते. पेटीतले दागिने बाहेर येतात. प्रत्येकाच्या हातात काहीतरी असते आणि ते काय आहे हे कोणी कोणाला विचारीत नाही. एखादा अगदी अनोळखी गृहस्थ दोनदा जेवून जातो. वधूपक्षाला वाटते तो वराकडचा, वरपक्षाला वाटते तो वधूकडचा. आणि मुहूर्त लागेपर्यंत कोणालाही पाय काढता येत नाही. आपल्याकडच्या लग्नघरांत खून पडत नाहीत, याचे कारण आपली माणसे फार सज्जन आहेत हे नसावे. तेथे कोणालाही पाच मिनिटे एकटे बसू देत नाहीत, हे असावे.

आता माझ्या नातीची फिर्याद. ती खोटी नाही. या कथांत मेलेल्या माणसासाठी कोणी रडत नाही. लेखक आधीच काळजी घेतो की मरणारा माणूस आपल्याला आवडता कामा नये. तो कंजूष असतो, खाष्ट असतो, कोणाला तरी छळणारा असतो. जॉर्जेट हेयर या इंग्रज लेखिकेची 'डेथ इन द स्टॉक्स' ही कादंबरी १९३५ ची. एका खेडेगावात गुन्हेगारांचे पाय अडकवण्याचा जुना लाकडी खोडा असतो, त्यात एका श्रीमंत गृहस्थाचे प्रेत सापडते. त्याचा सावत्र भाऊ चित्रकार, सावत्र बहीण कुत्री पाळणारी. दोघेही असे तऱ्हेवाईक, की भाऊ गेल्याचे दुःख राहिले बाजूला, त्यांच्यापैकी कोणी त्याला मारले असेल याची ती खुशाल चर्चा करीत बसतात. वाचताना आपण पोट धरून हसतो. आणि पुस्तक मिटल्यावर, वाचक प्रामाणिक असेल तर, त्याच्या लक्षात येते की तो खोड्यातला मनुष्य कोणाचाच लागत नव्हता, आपलाही नाही. मरणाला विनोदी करायचे तर आधी मरणाऱ्याला परका करावे लागते. ही युक्ती पुस्तकात निरुपद्रवी असेल. पण जगात तीच युक्ती वापरून किती मोठमोठी पातके झाली आहेत, हे आठवले की हातातली चकली क्षणभर कडू लागते.

कवी डब्ल्यू. एच. ऑडेन यांनी १९४८ साली रहस्यकथेवर एक निबंध लिहिला. त्यांना या कथांचे व्यसन होते आणि तसे त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की आपल्या प्रत्येकाच्या मनात कुठेतरी अपराधाची एक बोच असते. गोष्टीत सगळ्यांवरच संशय येतो, मग खरा गुन्हेगार सापडतो, बाकीचे सुटतात, आणि त्यांच्याबरोबर आपणही सुटल्यासारखे, पुन्हा निष्पाप झाल्यासारखे वाटते. हे पटण्यासारखे आहे. पण मग हा फार स्वस्त सौदा झाला! गंगेत बुडी न मारता गंगेचे चित्र पाहून पाप धुतल्यासारखे.

सगळ्याच लेखकांनी हा सौदा मुकाट्याने केलेला नाही, हे मात्र सांगितले पाहिजे. डोरोथी सेयर्स या लेखिकेची 'बसमन्स हनीमून' ही १९३७ सालची कादंबरी या बाबतीत मला फार मोठी वाटते. लॉर्ड पीटर विम्झी हा उमराव आणि हौशी गुप्त पोलीस. हॅरिएट वेन ही रहस्यकथा लिहिणारी बाई. त्यांची गाठ पडली ती आधीच्या एका कादंबरीत, हॅरिएटवर पूर्वीच्या प्रियकराला विष घातल्याचा खटला चालू असताना. तिला फाशीच्या तोंडून सोडवले विम्झीने. म्हणजे या लग्नातली नवरीच मुळी एकेकाळची आरोपी! पहिल्या पानांत लग्नाची सगळी धमाल आहे. नवऱ्याची आई विधवा सरदारीण, मोठी मिस्कील, तिची डायरी आहे. भावजयीचे नाक मुरडणे आहे. नवदांपत्य मधुचंद्रासाठी खेड्यातल्या जुन्या घरी जाते, तर धुराडी तुंबलेली. धुराडी साफ करणारा येतो, धर्मगुरू येतो, वसुलीवाला येतो, आणि तळघरात घराच्या आधीच्या मालकाचे प्रेत सापडते. इथपर्यंत सारे ऊबदार आहे. खुनीही सापडतो. तो कोण ते मी सांगत नाही. वाचणाऱ्याच्या तोंडचा घास काढू नये.

पण सेयर्स तेथे थांबत नाहीत. त्या काळी इंग्लंडात खुन्याला फाशी होई. विम्झी त्या खुन्यासाठी स्वतः मोठा वकील देतो, त्याची क्षमा मागू पाहतो, ती मिळत नाही. आणि फाशीच्या पहाटे, घड्याळाचे ठोके पडण्याच्या सुमारास, हा थट्टेखोर उमराव बायकोच्या कुशीत लहान मुलासारखा रडतो. त्याचा शोध चुकलेला नव्हता, तरीही तो रडतो. एखाद्या माणसाकडे बोट दाखवणे, बरोबर दाखवले तरी, ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही, हे त्याला कळले होते. नवरी म्हणून शेजारी बसलेल्या बाईकडेही एकदा असेच बोट दाखवले गेले होते, आणि ते चुकीचे होते!

येथे मला माझ्या प्रश्नाचे दुसरे टोक सापडले. या कथा खुनाच्या आहेत असे आपण म्हणतो. वस्तुतः त्या संशयाच्या असतात. खून एका पानात उरकतो, संशय अडीचशे पाने चालतो. आणि संशय कोणावर येतो? तर जो चारचौघांसारखा नाही त्याच्यावर. विषारी झाडे लावणारा म्हातारा, रात्री बागेत फिरणारी आत्या, कुत्र्यांशी बोलणारी बहीण. लेखक आपल्याला सांगत नाही. आपणच आपल्या बुद्धीने त्यांच्यावर बोट ठेवतो. मग येते शेवटचे प्रकरण. सगळ्यांना दिवाणखान्यात जमवतात. आपण म्हणतो, खुनी कोण हे कळावे म्हणून हे प्रकरण असते. एकदा पाने मोजून पाहा. खुन्याचे नाव एका वाक्यात संपते. बाकीची पाने जातात ती निरपराध्यांसाठी. अमका रात्री बागेत का होता, तमकी खोटे का बोलली, म्हाताऱ्याच्या खिशात ती बाटली कशी आली. प्रत्येकाचा संशय त्याच्या त्याच्या नावाने, सगळ्यांच्या देखत परत केला जातो. तऱ्हेवाईक माणूस नुसता तऱ्हेवाईक ठरतो, आणि गुन्हेगार निघतो बहुधा तो, जो सर्वांशी गोड बोलत होता, ज्याचे धोतर परीटघडीचे होते. विक्षिप्त माणसाचे सगळे उघड्यावर असते. झाकावे लागते ते दुसऱ्याला.

संशय हे कर्ज आहे. घेताना कोणालाच काही वाटत नाही. या कथांचे पुण्य असलेच तर एवढेच, की त्या घेतलेले कर्ज शेवटच्या प्रकरणात फेडतात. तेव्हा नातीला मी सांगेन, की बाळ, मेलेल्या बाईला हसू नये हे तुझे खरे. पण जिवंत माणसांवरचा खोटा आळ उतरताना जे हसू येते, ते काही वाईट नाही.

पण हे मी कोणत्या तोंडाने सांगणार? त्यासाठी मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे.

१९६७ सालचा उन्हाळा. साताऱ्याच्या आमच्या वाड्यात सुमनताईचे, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत बहिणीचे लग्न होते. मी अकरा वर्षांचा होतो. घर माणसांनी फुलले होते. आणि त्यांत अप्पाकाका आले होते. अप्पाकाका माझ्या वडिलांचे धाकटे चुलतभाऊ, मिरजेला एका छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम करीत. लग्न केले नव्हते. त्यांना एक नाद होता. किल्ली हरवलेली कुलपे ते गोळा करीत. जुन्या बाजारातून आणीत, लोकांकडून मागून घेत, आणि वाकवलेल्या तारेने तासन्‌तास खटपट करून ती उघडीत. कुलूप उघडले की ते त्याला शाबासकी देत, स्वतःला नाही. मग पुन्हा लावून टाकीत. "उघडून काय मिळतं?" असे कोणी विचारले तर म्हणत, "ते उघडलेलं मिळतं." आम्हा मुलांना ते फार आवडत. मोठी माणसे मात्र त्यांच्याविषयी बोलताना एकमेकांकडे पाहून हसत.

सीमांतपूजनाच्या दिवशी दुपारी ओरडा झाला. सुमनताईला घालायच्या पाटल्या कोठीच्या खोलीतल्या ट्रंकेतून नाहीशा झाल्या होत्या. ट्रंकेचे कुलूप मात्र जसेच्या तसे होते. मोठ्या काकूंनी कपाळावर हात मारला. कुलूप न फोडता पाटल्या काढणार कोण? कोणी नाव घेतले नाही. पण माजघरातली सगळी तोंडे हळूच एका दिशेला वळली. तशात मी पुढे झालो.

मी त्या दिवसांत वाचनालयातून आणलेली एक रहस्यकथा वाचीत होतो. कोणाची होती ते आठवत नाही. आठवते ते एवढेच, की त्या प्रतीची शेवटची पाने कोणीतरी फाडून नेली होती. त्यामुळे संशय कसा घ्यावा हे मी शिकलो होतो, पुढचे शिकायचे राहिले होते. मी मोठ्या रुबाबाने म्हणालो, "मी सकाळी अप्पाकाकांना ट्रंकेशी बसलेलं पाहिलं."

ते खोटे होते. मी त्यांना कोठीच्या दाराशी बसलेले पाहिले होते. दाराचे कुलूप गंजले होते, ते तेल घालून सैल करायला मोठ्या काकूंनीच त्यांना सांगितले होते. दाराशी आणि ट्रंकेशी यांत अंतर सहा पावलांचे. अकरा वर्षांच्या मुलाला सगळ्यांनी आपल्याकडे पाहावे एवढेच हवे होते, आणि तेवढ्यासाठी मी ती सहा पावले चाललो. माझ्या बोलण्यावर मोठ्या काकू काही बोलतील असे आज वाटते. पण त्यांची शुद्ध पाटल्यांच्या मागे गेली होती.

आजोबा म्हणाले, "अप्पा, तुझी पिशवी जरा दाखव बघू."

अप्पाकाकांनी पिशवी आणली आणि माजघराच्या मध्यावर पालथी केली. एक धोतर, दोन सदरे, दंतमंजनाचा डबा, आणि चौदा कुलपे. कुलपे खडखडत फरशीवर पडली तसे कोणीतरी फिस्सकन हसले. मग सगळेच हसले. मीही हसलो. अप्पाकाकांनी एकेक कुलूप पुसून परत पिशवीत भरले. ते एक शब्द बोलले नाहीत. मुहूर्ताच्या वेळी त्यांनी अक्षता टाकल्या आणि न जेवता संध्याकाळच्या गाडीने मिरजेला गेले.

पाटल्या सापडल्या आषाढात. पहिला मोठा पाऊस आला म्हणून काकूंनी कुरडया तळायला काढल्या, तर डब्याच्या तळाशी फडक्यात बांधलेल्या पाटल्या! लग्नाच्या गर्दीत चोरीमारी नको म्हणून त्यांनीच त्या ट्रंकेतून काढून तेथे ठेवल्या होत्या, आणि साफ विसरल्या होत्या. घरात हसून हसून मुरकुंडी वळली. पुढे कित्येक वर्षे ही गोष्ट आमच्या घरी विनोदी गोष्ट म्हणून सांगितली जाई. वडिलांनी अप्पाकाकांना एक कार्ड टाकले. ते मी पेटीत टाकायला नेले, म्हणून वाचले. पाऊस बरा आहे, ज्वारी महाग आहे, आईचे गुडघे दुखतात, आणि शेवटी कोपऱ्यात उभ्या ओळीत : पाटल्या सापडल्या.

आळ चारचौघांत, आणि माफी कार्डाच्या कोपऱ्यात. आपल्याकडे बहुतेक घरांत हिशेब असाच असतो. कोणी वाईट नव्हते. पण गोष्ट पंचवीस माणसांपुढे झाली होती, आणि ती मिटली एका कार्डावर. ज्या पाहुण्यांनी ती चौदा कुलपे पाहिली होती, ते आपापल्या गावी तीच घेऊन गेले होते. त्यांना कार्ड कोण धाडणार?

अप्पाकाका त्यानंतरही आमच्या घरच्या प्रत्येक कार्याला येत. पण मांडवाच्या कडेला उभे राहत. घरात कधी पाऊल टाकीत नसत. आणि हे माझ्या पुष्कळ उशिरा लक्षात आले, ते दोन्ही हात नेहमी पुढे, सगळ्यांना दिसतील असे धरून उभे राहत.

पुढे २००९ साली माझ्या पुतणीचे लग्न झाले. आता वाडा नव्हता, कार्यालय होते. अप्पाकाका सत्याहत्तर वर्षांचे, दोन्ही कानांनी जवळजवळ बहिरे. पंगत बसली. उखाण्यांसाठी माइक एका पानावरून दुसऱ्या पानावर फिरत होता. तो माझ्याकडे आला. लोक म्हणाले, "घ्या, नाव घ्या!" समोरच्या रांगेत अप्पाकाका होते, त्यांच्या शेजारी सुमनताई, आणि तिच्या हातांत त्याच पाटल्या. मला काय झाले कोण जाणे. मी नाव घेतले ते अप्पाकाकांचे. म्हणालो, बेचाळीस वर्षांपूर्वी या घरच्या एका लग्नात मी खोटे बोललो. मी त्यांना दाराशी पाहिले होते आणि ट्रंकेशी म्हणालो. पाटल्या कुरडयांच्या डब्यात होत्या. अप्पाकाकांचा त्यांच्याशी काडीचा संबंध नव्हता. त्या दिवशीची जी माणसे आज येथे आहेत त्यांनी ऐकावे, आणि जी नाहीत त्यांच्या मुलांनी ऐकावे.

हे मी त्यांच्यासाठी बोललो की माझ्या मनावरचे ओझे उतरावे म्हणून, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. पंगत गप्प झाली. वाढपी हातात पंचपात्र धरून जागीच थांबला. अप्पाकाका कानाला हात लावून सुमनताईला मोठ्याने विचारू लागले, "काय म्हणतोय हा? काय म्हणतोय?"

सुमनताई त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, साऱ्या कार्यालयाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "अप्पाकाका, तो म्हणतोय, पाटल्या तुम्ही घेतल्या नव्हत्या!"

अप्पाकाकांनी माझ्याकडे पाहिले. नवल वाटावे तसे पाहिले.

"अरे, मग?" ते म्हणाले. "ते मला ठाऊकच आहे की!"

आणि त्यांनी पानातली कुरडई मोडून तोंडात टाकली.